पाच बीप आणि लेबलवरचं शेवटचं अक्षर

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. डिचोलीत आमचं फ्लेक्स, बॅनर आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. डिझाइन मी करते, छपाई यजमान बघतात. एचपीचं झेड४२० वर्कस्टेशन सेकंड हॅण्ड घेतलेलं आहे. झिऑन ई५-१६२० प्रोसेसर, ४ जीबीच्या चार स्टिक म्हणजे १६ जीबी रॅम, विंडोज १० प्रो. हार्ड डिस्क जुनीच. शिरगावच्या लईराईच्या जत्रेचे बॅनर करताना फोटोशॉपने रडवलं, म्हणून चवथीआधी रॅम ६४ करायची ठरवलं. दुकानदाराने तूर्त १६ जीबीच्या दोन स्टिक बऱ्याच स्वस्तात दिल्या, "झेड सिरीजला चालतात" म्हणाला. जुन्या काढून त्या बसवल्या तर स्क्रीन काळी, पॉवरचा दिवा लाल लुकलुकतो आणि पाच बीप येतात. स्टिकवर "१६जीबी २आरएक्स४ पीसी३एल-१२८००आर" असं छापलंय. पुतण्या म्हणतो मदरबोर्ड गेला, भंगारात घाला आणि नवीन घ्या. रॅम खराब आहे की मशीन? आणि घ्यायची तर कोणती घ्यायची?

— एक वाचक, डिचोली

उत्तर

ताई, मदरबोर्ड गेलेला नाही. बहुतेक ती रॅमही खराब नाही. दोन्ही आपापल्या जागी धड आहेत, फक्त एकमेकांसाठी बनलेल्या नाहीत.

एचपीच्या या मशीनमध्ये लाल दिवा पाच वेळा लुकलुकणं आणि सोबत पाच बीप येणं याचा अर्थ ठरलेला आहे: स्क्रीनवर काही दिसायच्या आधीच मेमरीपाशी गाडी अडली. मेलेला मदरबोर्ड असा नेमका बोलत नाही. मशीन बंद करून वायर काढा, नव्या दोन्ही स्टिक बाहेर घ्या, जुन्या चार जिथे होत्या तिथेच परत बसवा आणि सुरू करा. सुरू होईल. नाही झालं तर जुनी एखादी स्टिक नीट दाबली गेली नसेल. दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा.

दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. लेबल तुम्ही अक्षरन् अक्षर उतरवून पाठवलंत. रॅमबद्दल विचारणारे बहुतेक लोक "१६ जीबीची आहे, डीडीआर३ आहे" एवढंच सांगतात आणि नेमका तोच भाग गाळतात जो कामाचा असतो. तुमच्या लेबलावर सगळी गोम शेवटच्या 'आर'मध्ये आहे. १२८०० हा वेग झाला. डीडीआर३-१६०० ची स्टिक सेकंदाला १२,८०० मेगाबाइट वाहून नेते, म्हणून तो आकडा, आणि तो तुमच्या प्रोसेसरला अगदी बरोबर आहे. 'पीसी३एल' मधला 'एल' म्हणजे कमी व्होल्टेज: साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, ही १.३५ वरही चालते आणि १.५ वरही. तिथेही अडचण नाही. पण आकड्याच्या मागे 'आर' आला की ती रजिस्टर्ड रॅम, आणि झेड४२० ला चालते अनबफर्ड. रजिस्टर्ड नाहीच.

हा फरक काय, तर रजिस्टर्ड स्टिकच्या मध्यभागी एक जादा चिप असते. प्रोसेसरचे पत्ते आणि हुकूम आधी तिच्याकडे येतात आणि ती ते बाकी चिपांना पोचवते. मोठ्या पंगतीत यजमान पानापानापाशी जात नाही, वाढप्याला सांगतो, तसंच. सर्व्हरमध्ये शेकड्याने चिपा असतात, तिथे असा वाढपी नसेल तर प्रोसेसरवर भार पडतो. तुमच्या मदरबोर्डाला ही मधली व्यवस्थाच ठाऊक नाही. त्याला प्रत्येक चिपेशी थेट बोलायचं असतं, समोर भलतंच कोणी दिसलं की तो पाच बीप देऊन थांबतो. सहसा यात काही जळत-बिळत नाही.

दुकानदाराने फसवलं असं मात्र लगेच म्हणू नका. त्याच पिढीतल्या झेड८२० ला रजिस्टर्ड रॅम चालते, झेड६२० लाही चालते. तिन्ही मशीनची पेटी एकाच घराण्यातली, प्रोसेसरचा सॉकेटही तोच. त्यामुळे "झेड सिरीजला चालतात" हे त्याचं वाक्य दोन मशीनपुरतं खरं आहे, तिसऱ्याला नाही, आणि तुमचं ते तिसरं निघालं. शिवाय स्टिक स्लॉटमध्ये बसलीसुद्धा. डीडीआर२ किंवा डीडीआर४ ची स्टिक तुमच्या स्लॉटमध्ये बसणारच नाही, कारण खालच्या कडेवरची खाच वेगळ्या जागी असते. पण डीडीआर३ च्या अनबफर्ड आणि रजिस्टर्ड स्टिकांना सारखेच २४० संपर्क असतात आणि खाचही तिथेच असते. "बसली म्हणजे चालणार" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

स्वस्त का मिळाली, तेही याच्यातच आलं. जगभरची डेटा सेंटरं जुने सर्व्हर मोडीत काढतात तेव्हा त्यातून रजिस्टर्ड रॅम पोत्याने बाहेर पडते आणि ती घेणारी मशीन त्या मानाने थोडी. अनबफर्ड ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम मुळातच कमी बनली, ती फक्त छोट्या सर्व्हरांत आणि तुमच्यासारख्या एक-प्रोसेसर वर्कस्टेशनांत लागायची. म्हणून ती सेकंड हॅण्डलाही महाग पडते. जुन्या वर्कस्टेशनसाठी रॅम शोधताना एखादी स्टिक बाकीच्यांच्या निम्म्या भावात दिसली तर आधी ते शेवटचं अक्षर बघावं. आणखी एक खूण: डीडीआर३ मध्ये एकच स्टिक १६ जीबीची असेल तर ती जवळजवळ नेहमीच रजिस्टर्ड असते. तुमच्या मशीनमध्ये स्लॉट आठ आणि मर्यादा ६४ जीबी. म्हणजे एका स्लॉटला ८. त्याहून मोठ्या स्टिककडे बघायचंच कारण नाही.

आता काय घ्यायचं. लेबलावर आकड्यामागे 'ई' हवा: "८जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००ई". पीसी३एल असला तरी चालेल. 'यू' असेल तर अनबफर्ड पण ईसीसी नसलेली, साध्या डेस्कटॉपची. आणि अगदी शेवटी 'एल' असेल तर ती रजिस्टर्डचीच मोठी बहीण, तीही नको. पुढचा 'एल' चालतो, मागचा चालत नाही, एवढं दुकानदारालाही सांगून ठेवा, कारण या दोन 'एल'मध्ये भलेभले गोंधळतात.

माझं मत असं की ६४ च्या मागे लागू नका. तुमच्या प्रोसेसरला मेमरीच्या चार वाहिन्या आहेत आणि प्रत्येक वाहिनीला दोन स्लॉट. सध्या प्रत्येक वाहिनीवर ४ जीबीची एकेक स्टिक असणार, चार स्लॉट मोकळे आहेत. तिथे ८ जीबीच्या चार सारख्या स्टिक घाला. प्रत्येक वाहिनीवर ४ आणि ८ मिळून १२ होतील, एकूण ४८ जीबी. चारही वाहिन्यांवर वजन सारखं राहतं, त्यामुळे चौपदरी वेग कायम राहतो, आणि जुन्या चार स्टिक वाया जात नाहीत. ६४ करायला त्याच जुन्या चार काढून ठेवून नव्या आठ घ्याव्या लागतील. वरच्या १६ जीबीसाठी दुप्पट पैसे. २०२५ च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव तसेही जगभर चढलेत, त्यात हा हट्ट परवडणारा नाही. दोनच स्टिक घेऊन भागवू नका, तेही सांगतो. ८ च्या दोन टाकल्या तर दोन वाहिन्या जड आणि दोन हलक्या होतात. मशीन चालेल, पण ज्यासाठी वर्कस्टेशन घेतलं त्यातला थोडा भाग हातचा जाईल.

एक अट आहे. आधी जुन्या चारही स्टिकची लेबलं वाचा. त्यांच्यावर 'ई' असेल तर वरचा हिशेब लागू. सेकंड हॅण्ड मशीन विकताना कोणी त्यात साध्या डेस्कटॉपच्या 'यू' स्टिक कोंबल्या असतील, तर ईसीसी आणि बिनईसीसी यांची खिचडी करू नका. तशा निघाल्या तर नव्या चारच ठेवा, ३२ जीबी होतील, आणि तुमच्या कामाला तेही कमी नाहीत. लेबल पुसट झालं असेल तर चिपा मोजा. ईसीसी स्टिकमध्ये ६४ ऐवजी ७२ बिट असतात, त्या जादा आठ बिटांसाठी चिपांच्या प्रत्येक गटामागे एक चिप वाढते, आणि '२आर' म्हणजे असे दोन गट. म्हणून २आरएक्स८ जातीच्या ईसीसी स्टिकवर अठरा काळ्या चिपा असतात आणि साध्या स्टिकवर सोळा. या जादा बिटांमुळे एखादा बिट उलटला तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो आणि दोन उलटले तर निदान कळतं.

सॅमसंगच्या स्टिक असतील तर काम आणखी सोपं. डीडीआर३ मध्ये त्यांचा पार्ट नंबर एम३९१ ने सुरू झाला की अनबफर्ड ईसीसी, एम३९३ म्हणजे रजिस्टर्ड, एम३७८ म्हणजे साधी. दुकानदाराने चिकटवलेलं स्टिकर काहीही म्हणो, कंपनीच्या लेबलावरचा हा नंबर बघा. ऑनलाइन मागवणार असाल तर विक्रेत्याकडून प्रत्यक्ष स्टिकच्या लेबलाचा फोटो मागा. जाहिरातीतल्या चित्रावर भरवसा नको. फोटो द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊच नये. "फक्त एएमडीसाठी" असं बारीक अक्षरात लिहिलेली ८ जीबीची स्वस्त डेस्कटॉप रॅमही बाजारात फिरते. ती इंटेलच्या मशीनमध्ये चालत नाही, तुमच्यात तर नाहीच.

वेगाचं थोडक्यात. १४९००ई म्हणजे डीडीआर३-१८६६ मिळाली तर ती १६०० वर चालेल. १०६००ई घेतली तर सगळ्याच्या सगळ्या १३३३ वर उतरतील, कारण कळप सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चालतो. फोटोशॉपच्या कामात हा फरक हाताला जाणवणारही नाही, तेव्हा वेगासाठी जादा पैसे मोजू नका.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. फोटोशॉप खरंच रॅमसाठी रडत होतं का?

वीस फूट बाय दहा फुटांचा बॅनर धरा. १०० डीपीआयला (इंचाला १०० ठिपके) तो २४,००० बाय १२,००० पिक्सेल होतो, म्हणजे २८ कोटी ८० लाख पिक्सेल. सीएमवायके मध्ये (छपाईचे चार रंग) पिक्सेलला चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक थर साधारण १.१५ जीबीचा. देवीचा फोटो, मागची प्रभावळ, आमदार-सरपंचांची रांग, शुभेच्छुकांची नावं असे आठ-दहा थर आणि वर मागे जाण्यासाठी साठवलेला इतिहास. १६ जीबीत हे मावणार नाही हे उघड आहे, कारण फोटोशॉप एरवी उपलब्ध रॅमच्या ७० टक्केच स्वतःसाठी घेतं. इथवर तुमचा निर्णय बरोबर आहे.

पण हाच बॅनर कोणी ३०० डीपीआयला उघडला तर एका थरालाच १० जीबीहून जास्त लागतात, आणि मग ४८ काय, ६४ सुद्धा पुरणार नाहीत. पत्रिकेसाठी ३०० हवेत, ती माणूस हातात धरून वाचतो. रस्त्याकडेच्या फ्लेक्ससाठी ७२ ते १०० पुष्कळ झाले. तुमची फाइल जर पीएसडी म्हणून सेव्ह होत नसेल आणि फोटोशॉप पीएसबी (मोठ्या फायलींचा प्रकार) मागत असेल, तर आकडा कुठेतरी जास्त पडलाय का बघा; पीएसडीची हद्द एका बाजूला ३०,००० पिक्सेलची आणि फाइलला २ जीबीची आहे. नव्या रॅमला एक रुपयाही देण्याआधी हे तपासा. खिडकीच्या तळाशी डावीकडे फाइलचा आकार दिसतो, त्याशेजारच्या बाणावर क्लिक करून 'एफिशियन्सी' निवडा आणि नेहमीचं काम सुरू ठेवा. आकडा १०० टक्क्यांवर असेल तर रॅम पुरतेय, घोडं दुसरीकडे अडलंय. तो सारखा खाली जात असेल तर फोटोशॉप डिस्कवर लिहितंय आणि रॅम खरोखर कमी आहे.

आणि ती डिस्क जुनी फिरती आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग माझ्या हिशेबात आधी एसएसडी, मग रॅम. दोन्हींचे पैसे एकदम नसतील तर चवथीआधी एसएसडीच घ्या. विंडोज आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडली की ते जिथे लिहितं ती जागा) तिच्यावर टाका, जुनी हार्ड डिस्क फायली ठेवायला राहू दे. मशीनमधल्या सगळ्या साटा पोर्टांचा (डिस्क जोडायच्या जागांचा) वेग सारखा नाही. ६ गिगाबिटचे दोन आहेत, त्यातल्या एकाला एसएसडी जोडायला सांगा.

पत्रिकांचं काम कशात करता ते तुम्ही लिहिलं नाही. पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांपायी गोव्यात आणि कोकणात कितीतरी दुकानं अजून जुन्या कोरलड्रॉवर आहेत. ६४-बिट कोरल एक्स६ पासून आलं, २०१२ मध्ये. त्याआधीचं कोरल असेल तर ते दोन ते चार जीबीच्या पलीकडे रॅमला हात लावूच शकत नाही. ४८ जीबी टाकल्यावर फोटोशॉप पळायला लागलं आणि कोरल मात्र तसंच अडखळत राहिलं, तर रॅमला दोष देऊ नका. फोटोशॉप आणि कोरल एकाच वेळी उघडं ठेवता येईल, हा फायदा मात्र मिळेल.

पुतण्याचं म्हणणं मदरबोर्डाबाबत चुकलं, पण तो पूर्ण चूक नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१२ चा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणून या मशीनवर खर्च करायला हरकत नाही, पण हात राखून. एसएसडी पुढच्या मशीनमध्ये नेता येते. ही डीडीआर३ रॅम कुठेच नेता येणार नाही. ६४ नको म्हणण्याचं हेही एक कारण.

बसवताना घाई नको. कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाच्या आतल्या अंगाला स्लॉट कोणत्या क्रमाने भरायचे त्याचा नकाशा छापलेला असतो, तो बघूनच भरा. प्रोसेसरच्या दोन्ही अंगांना चार-चार स्लॉट आहेत. वायर काढल्यावर पॉवरचं बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावूनच स्टिक उचला. आपल्याकडच्या पावसात हवा ओलसर असल्याने स्थिर विजेचा त्रास कमी, पण तीच ओल स्टिकच्या सोनेरी संपर्कांवर थर धरते. जुन्या चार काढल्याच आहेत तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने ते संपर्क पुसून, वाळवून मग बसवा. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. मुंग्या नाहीतर पालीची अंडी निघाली तरी दचकू नका.

सुरू झाल्यावर एफ१० दाबून सेटअपमध्ये एकूण मेमरी ४९,१५२ मेगाबाइट दिसतेय का बघा. कमी दिसली तर एखादी स्टिक नीट बसलेली नाही. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. एकही चूक निघता कामा नये. निघाली तर एकेक स्टिक काढून पुन्हा तपासा आणि दोषी सापडेल ती परत करा. डिचोलीत पावसात वीज कशी खेळते ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा हे सगळं यूपीएसवरच. एखाद्याने बायोस (मदरबोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट करा असा सल्ला दिला तर मशीन नीट चालत असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. मध्येच वीज गेली तर पुतण्याची भविष्यवाणी खरी ठरेल.

राहिल्या त्या दोन स्टिक. दुकानदाराकडे बिल घेऊन जा, भांडायला नको. "ही रजिस्टर्ड आहे, मला १२८००ई, अनबफर्ड ईसीसी, ८ जीबीच्या चार हव्यात" असं म्हणा. तो त्या मागवून देईल किंवा पैसे परत करेल. नव्या बिलावर "झेड४२० ला न चालल्यास परत" एवढं त्याच्याच हाताने लिहून घ्या. आणि ऑर्डर श्रावण लागायच्या आधी द्या, कारण हा माल गोव्यात सहसा दुकानात पडलेला नसतो, बाहेरून येतो, आणि श्रावणात तुमच्याकडे मंडळांची रांग लागलेली असेल.